नकाशातली रिकामी जागा

रस्त्यांची आखणी करणाऱ्या एका मित्राने त्याच्या अहवालातलं एक पान मला दाखवलं, त्याला आता बरेच दिवस झाले, पण ते पान काही डोक्यातून जात नाही. एका नव्या रस्त्यासाठी तीन पर्याय काढले होते. नकाशावर लाल, निळी आणि हिरवी अशा तीन रेघा आणि खाली त्यांचा तुलनात्मक तक्ता. लांबी, खर्च, भूसंपादन, पूल आणि मोऱ्या, प्रवासाला लागणारा वेळ. प्रत्येक रकान्यात आकडे, आणि तेही दशांशचिन्हापुढे दोन घरांपर्यंत. सगळ्यात शेवटी ‘पर्यावरणीय परिणाम’ असा एक रकाना होता. त्यात आकडे नव्हते, ठिपके होते. लाल रेघेला दोन, निळीला दोन, हिरवीला तीन. लाल रेघ एका पाणथळ जागेच्या मधून जात होती, निळी फळबागांमधून, आणि दोघींच्या वाट्याला सारखेच दोन ठिपके. मी विचारलं, हे ठिपके कोण देतं? तो हसला. “अगं, खर्चाच्या रकान्याला आमचे आठ महिने गेले. ठिपके भरायला एक दुपार पुरते.”

तो कामचुकार माणूस नाही, हे आधीच सांगते. एखाद्या वळणावर ट्रक कलंडेल का, या काळजीने तो तीच तीच आकडेमोड पुन्हा करत बसतो. चढ किती ठेवला तर भरलेल्या गाडीचा दम निघणार नाही, डोंगर कापून निघालेला मुरूम पुढच्या भरावात बरोबर जिरेल की उरेल, हे त्याला तोंडपाठ असतं. त्यामुळे ठिपक्यांचा राग त्याच्यावर काढण्यात अर्थ नव्हता. ज्या गोष्टी मोजायच्या कशा हे ठरलेलं आहे त्या त्याने जीव ओतून मोजल्या होत्या, उरलेल्यांना ठिपके दिले होते.

पुढे कधीतरी त्याच्याबरोबर त्या लाल रेघेवर प्रत्यक्ष जाऊन आले. रेघ म्हणजे सिमेंटचे हातभर उंचीचे खांब, डोक्याला लाल रंग, बाजूला साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर. झाडांच्या बुंध्यांवर पांढरे पट्टे आणि त्यावर घाईघाईने ओढलेले आकडे, रंगाचे ओघळ सालीच्या भेगांतून खाली उतरलेले. पुढे जमीन हळूहळू बसत जाते, पायाखालचा आवाज बदलतो आणि लव्हाळी सुरू होतात. नकाशावर ही जागा पांढरी होती. घर नाही, विहीर नाही, बांध नाही, काही नाही. समोर मात्र चिखलाच्या पापुद्र्यावर पक्ष्यांच्या नखांचे ठसे एकमेकांत गुंतलेले, मधेच खुरांचे, मधेच काहीतरी सरपटत गेल्याची ओळ. कुजलेल्या गवताचा उग्र, पण वाईट म्हणता येणार नाही असा वास. तिथला खांब एका बाजूला कलला होता, त्याच्या लाल डोक्यावर एक चतुर येऊन बसत होता, उडत होता, पुन्हा तिथेच येत होता. मित्राने कललेल्या खांबाला बुटाने हलकेच ढकलून पाहिलं आणि म्हणाला, “इथे भराव चिक्कार लागणार.” त्याचं खरंच होतं. ओलसर जमिनीवर रस्ता उचलून घ्यायचा तर खालचं पाणी कुठे जाईल याचा विचार करावा लागतो. मोऱ्या कमी पडल्या की भरावाची एक बाजू तुंबते आणि दुसरी वाळते. पण त्या दिवशी त्याच्यासाठी ते घनमीटरमध्ये होतं, माझ्यासाठी नव्हतं, आणि आम्ही दोघंही बराच वेळ गप्प राहून चाललो.

लाल रेघ स्वस्त का, याचं उत्तर भराव धरूनही सोपं आहे. तिथे कोणाला मोबदला द्यायचा नाही. कोणाचं घर उठवायचं नाही, कोर्टकचेऱ्या नाहीत, दारात येऊन ओरडणारं कोणी नाही. जमीन आधीच सरकारची. हे मला आपलं माझंच निरीक्षण वाटत होतं, पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते १९७१ मध्येच लिहून ठेवलंय. मेम्फिस शहरातल्या ओव्हर्टन पार्कमधून आंतरराज्य महामार्ग ४० न्यायचा घाट घातला होता. उद्यान दुभंगणार होतं, तिथलं प्राणिसंग्रहालय उरलेल्या भागापासून तुटणार होतं. काही नागरिक कोर्टात गेले. निकाल लिहिताना न्यायमूर्ती थरगूड मार्शल यांनी जी गोष्ट मांडली तिचा आशय असा: नुसता खर्च आणि लोकांची गैरसोय एवढंच बघायचं ठरवलं, तर उद्यानातून जाणारा रस्ता नेहमीच परवडणार, कारण जागा आधीच सार्वजनिक मालकीची आणि तिथे राहणारं कोणी नाही. कायद्याने उद्यानांना संरक्षण दिलं ते हा कल ओळखूनच. दुसरा व्यवहार्य आणि शहाणपणाचा मार्ग असेल तर उद्यानाला हात लावायचा नाही, असं १९६६चा कायदा सांगत होता, आणि न्यायालयाने तो शब्दशः घ्यायला लावला. तो महामार्ग उद्यानातून गेला नाही. आज तो शहराला उत्तरेकडून वळसा घालतो.

म्हणजे रेघ नेमकी रिकाम्या जागी जाते हा योगायोग नाही. उतार जसा पाण्याला ओढतो तशी स्वस्त जमीन आखणीला ओढते. जंगल, पाणथळ, नदीकाठ, गावाबाहेरचं माळरान, आणि अनेक शहरांत गरिबांची वस्तीसुद्धा. तिथे माणसं असतात, पण त्यांच्या जागेचा भाव कमी आणि आवाज त्याहून कमी, म्हणून तीही नकाशावर जवळजवळ पांढरीच दिसते.

आणि तरीही रस्ता नकोच म्हणणारी मी नाही.

घरातल्या आजारी माणसाला रात्री रुग्णवाहिकेतून नेताना प्रत्येक खड्डा त्याच्या चेहऱ्यावर वाचलाय मी. रस्त्याचं एक वळण आलं की हात घट्ट व्हायचा, सलाइनची बाटली आकड्यावर टकटक आपटायची, आणि त्या तासात कोणी मला विचारलं असतं की हा रस्ता सरळ करायला एक पाणथळ बुजवू का, तर मी काय म्हटलं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. ज्या वस्तीला रस्ता नाही तिथल्या माणसाला बेडकांचं कौतुक ऐकवणं हा उद्धटपणाच. अर्थकारणाचा रकाना म्हणजे फक्त कंत्राटदाराचा नफा नव्हे. बाजारात वेळेवर पोचलेला माल, शाळेत जाणारी मुलगी, दवाखाना हे सगळं त्यातच येतं.

पण ते त्यात कसं येतं, हे पाहिल्यावर मी जरा चक्रावले. मोठ्या रस्त्याच्या लाभाचा बराचसा भाग असतो तो वाचलेल्या वेळाचा. समजा, नव्या रस्त्याने ४ मिनिटं वाचतात आणि दिवसाला ३०,००० वाहनं जातात. झाले रोजचे २,००० तास. तासाला एक किंमत लावायची, वर्षाच्या दिवसांनी गुणायचं, मग रस्त्याच्या आयुष्यभराची बेरीज. असा डोंगर उभा राहतो की पुढ्यात काहीही ठेवलं तरी ते खुजंच दिसावं. गंमत म्हणजे ते २,००० तास कोणा एकाच्या हाती कधीच पडत नाहीत. प्रत्येकाच्या वाट्याला ४ मिनिटं येतात, आणि माझी ४ मिनिटं कुठे जातात ते मला माहीत आहे, फोनकडे बघण्यात जातात. रुग्णवाहिकेतली ४ मिनिटं आणि माझी ४ मिनिटं हिशेबात मात्र शेजारी शेजारी बसतात.

या तऱ्हेच्या हिशेबाचा कळस ब्रिटनमध्ये झाला होता, रस्त्यासाठी नव्हे, विमानतळासाठी. लंडनच्या तिसऱ्या विमानतळाची जागा ठरवायला १९६८ मध्ये रॉस्किल आयोग नेमला. सगळ्याची किंमत काढायची असा त्यांचा निश्चय. एका जागेच्या आड स्ट्युक्ली गावचं बाराव्या शतकातलं चर्च येत होतं, तर त्याची किंमत म्हणून आगीच्या विम्याची रक्कम धरली गेली. त्यावर लोकांनी जी टर उडवली ती अजून अर्थशास्त्राच्या वर्गात सांगतात. आयोगाने १९७१ मध्ये बहुमताने त्याच जागेच्या, म्हणजे कब्लिंग्टनच्या बाजूने कौल दिला, त्यात प्रवाशांच्या वेळाच्या हिशेबाचा मोठा हात होता. सरकारने तो कौल बाजूला ठेवून समुद्रकाठचं फाउलनेस निवडलं आणि काही वर्षांत तेही सोडून दिलं. मला यात हसू येतं, पण पुरतं नाही. विम्याची रक्कम हास्यास्पद होती, मान्य. पण त्या चर्चला निदान एक आकडा तरी मिळाला होता. ज्याला आकडा मिळत नाही त्याची किंमत तक्त्यात अमूल्य म्हणून धरत नाहीत. ती शून्य धरली जाते. त्यामुळे निसर्गाची किंमत पैशांत करूच नये, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी मनाने असते आणि तक्ता समोर आला की नसते.

किंमत केली तरी दुसरा चकवा असतोच. पुढच्या वर्षांतले पैसे आजच्या भावात आणताना दरवर्षी काही टक्के वजावट धरतात. ८ टक्क्यांनी धरली तर ३० वर्षांनंतरच्या १०० रुपयांचे आज जेमतेम १० रुपये उरतात. १०० वर्षांनंतरच्या १०० रुपयांचे तर ५ पैसेही नाहीत. ब्रिटनच्या सरकारी पद्धतीत हा दर ३.५ टक्के आहे, तिथे ३० वर्षांनंतरच्या १००चे सुमारे ३६ होतात. म्हणजे पाणथळ जागेचं भवितव्य त्या एका टक्केवारीवर हलतं, जी कुठल्याशा परिशिष्टात बारीक अक्षरांत लिहिलेली असते आणि जनसुनावणीला आलेल्या कोणाच्याही हातात नसते. रस्त्याचा फायदा उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. गेलेल्या पाणथळीचं नुकसान मात्र नातवंडांच्या काळात चालूच असतं, आणि नातवंडं या गणितात पैशांवर आलेली असतात.

या सगळ्यातून वाट काढू पाहणारा एक माणूस मला फार आवडतो, इयान मॅकहार्ग. मूळचा स्कॉटिश, अमेरिकेत शिकवायचा. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवर रिचमंड पार्कवे नावाचा रस्ता व्हायचा होता, त्यासाठी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पारदर्शक कागदांवर नकाशे काढले. एकावर उतार, एकावर माती, एकावर पाण्याच्या वाटा, एकावर जंगल, एकावर जुन्या वास्तू, एकावर वस्ती. जिथे मोल जास्त तिथे छटा गडद. मग सगळे कागद एकावर एक ठेवून उजेडाकडे धरायचे आणि जी पट्टी सगळ्यात फिकट दिसेल तिथून रस्ता न्यायचा. त्यात आकड्यांची दहशत नाही. शेतकरी बघू शकतो, मंत्री बघू शकतो. त्या पार्कवेचा हिरव्या पट्ट्यातून जायचा भाग पुढे झालाच नाही. खोदकाम मात्र सुरू झालं होतं, त्यातून निघालेला दगडगोटा जंगलात टाकला गेला आणि त्याची एक टेकडी झाली. रस्तेबांधणीचा अट्टल पुरस्कर्ता रॉबर्ट मोझेस याच्या नावाने लोक तिला मोझेस माउंटन म्हणतात, आणि त्याने ज्या जंगलातून रस्ता न्यायचा ठरवलं होतं तेच जंगल बघायला तिच्यावर चढतात. असा सूड निसर्गाला एरवी जमत नाही.

आता कागद गेले, संगणक आला, पण पद्धत तीच. मित्राने एकदा पडद्यावर करून दाखवलं. जंगलाला २० टक्के वजन दिलं तर रेघ टेकडीच्या या अंगाने गेली. त्याने बोटाने पट्टी सरकवून ३५ केले, रेघ क्षणभर थबकली आणि टेकडीच्या पलीकडे जाऊन बसली. मला अंगावर काटा आला. आवाज नाही, वादावादी नाही, बोटभर हालचाल आणि एक अख्खं गाव रस्त्याच्या वाटेतून सुटलं, दुसरं सापडलं. “मग २० कोणी ठरवले?” मी विचारलं. मागच्या अहवालात तेवढेच होते, म्हणून याही अहवालात.

शिवाय रेघ रेघेपुरती राहत नाही. रस्त्यांच्या परिसंस्थेचा अभ्यास करणारे रिचर्ड फोरमन यांनी २००० साली अंदाज काढला होता की अमेरिकेतल्या सार्वजनिक रस्त्यांचा परिणाम देशाच्या सुमारे एक पंचमांश जमिनीवर पोचतो. रस्त्यांखालची प्रत्यक्ष जागा त्या मानाने किरकोळ. आवाज, उजेड, धूळ, तुटलेले ओहोळ, रस्त्याकडेने आत शिरणारं तण. अॅमेझॉनमध्ये तर २०१४च्या एका अभ्यासात दिसलं की जंगलतोडीपैकी सुमारे ९५ टक्के तोड रस्त्यांपासून साडेपाच किलोमीटरच्या किंवा नाव जाऊ शकेल अशा नदीपासून एक किलोमीटरच्या आत झालीय. ब्राझीलच्या रोन्दोनिया राज्यात १९८४ मध्ये महामार्ग पक्का झाला आणि त्याला दोन्ही बाजूंनी फाटे फुटत गेले. उपग्रहावरून तो माशाच्या काट्यासारखा दिसतो. म्हणजे आखणी करणारा माणूस पुढच्या पन्नास वर्षांत घरं, गुदामं, ढाबे आणि कुऱ्हाडी कुठे जाणार ते ठरवत असतो, आणि अहवालात फक्त रस्त्याच्या रुंदीतली झाडं मोजतो.

सेरेंगेटीचं उदाहरण म्हणून मला महत्त्वाचं वाटतं. टांझानियाने २०१०च्या सुमारास अभयारण्याच्या उत्तर भागातून रस्ता काढायचं ठरवलं, दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट, म्हणजे कळपाने फिरणारी मोठी हरणं, दरवर्षी ज्या वाटेने जातात ती ओलांडून. विरोध झाला आणि २०१४ मध्ये पूर्व आफ्रिकी न्यायालयाने तो डांबरी रस्ता थांबवला. विरोध करणाऱ्यांनी नुसतं नको म्हटलं नाही, हे मला भावलं. दक्षिणेकडून जाणारा लांबचा मार्ग त्यांनी पुढे केला, आणि त्याच्या काठाने माणसांची वस्ती जास्त होती. लांब रस्ता महाग खरा, पण ज्यांच्यासाठी रस्ता करायचा ती माणसं त्या लांबीतच राहत होती. प्राणी विरुद्ध माणूस असा जो देखावा उभा करतात तो पुष्कळदा दोनच रेघा काढल्यामुळे उभा राहतो.

कधी दुसरी रेघ खरंच जमत नाही. मग खालून-वरून वाटा काढाव्या लागतात. कॅनडात बांफच्या राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या महामार्गावर प्राण्यांसाठी ४४ पूल आणि भुयारी वाटा आहेत, ६ वरून, ३८ खालून, आणि दोन्ही बाजूंना कुंपण. गाड्यांशी होणाऱ्या टकरी ८० टक्क्यांहून जास्त घटल्या. पण ग्रिझली अस्वलांना त्या वाटा आपल्याशा व्हायला काही वर्षं लागली, आणि त्यांना प्रशस्त उघडे पूल लागतात तर प्यूमा या मोठ्या रानमांजराला अरुंद, अंधारी वाट बरी वाटते. पेंचमध्ये राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली अशा ९ वाटा ठेवल्या. २०१९ मध्ये लावलेल्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे वन्यप्राणी त्यांतून जाताना टिपले गेले, वाघांसकट. या वाटा होण्याआधी जंगल टाळून जाणाऱ्या लांबच्या मार्गावरूनही बरंच भांडण झालं होतं. वाघ पुलाखालून शांतपणे चाललेला बघून मला आनंद होतो आणि लगेच धास्तीही वाटते, कारण तोच फोटो पुढच्या प्रत्येक जंगलासाठी दाखला म्हणून लावला जाणार. वाघ फोटोत येतो. इंग्लंडमध्ये न्यूबरीच्या बाह्यवळणासाठी, सुमारे दहा हजार झाडं तोडताना, तीन मिलिमीटरही नसलेली एक दुर्मीळ गोगलगाय गवता-मातीच्या ढेकळांसकट उचलून दुसरीकडे नेली होती. रस्ता १९९८ला सुरू झाला. पुढे काही वर्षांनी शोधलं तेव्हा त्या नव्या जागेत ती उरली नव्हती.

आणखी एक ओळ तक्त्यात नेहमी असते, ‘काहीच न करणे’. ती फक्त हरण्यासाठी ठेवलेली असते. रस्ता केला नाही तर पुढची वाहतूक कशी तुंबेल याचा आलेख वर वर जातो. केल्यावर नव्याने किती गाड्या येतील, हे मात्र फार काळ कोणी धरत नव्हतं. ब्रिटिश सरकारच्या सल्लागार समितीनेच १९९४ मध्ये मान्य केलं की नवे रस्ते नवी वाहतूक जन्माला घालतात. त्याच वर्षी इंग्लंडमधली ट्वायफर्ड डाउनची टेकडी चिरून केलेला एम ३ महामार्ग खुला झाला. तिथे बोगद्याचा पर्याय होता, खर्चापायी नाकारला. बदल्यात खालचा जुना बाह्यवळण रस्ता उखडून तिथे पुन्हा गवत लावलं गेलं. टेकडी गेली ती गेलीच, पण वापरातला रस्ता काढून टाकता येतो हेही तिथेच दिसलं, आणि ते तक्त्यात कधी पर्याय म्हणून येत नाही.

मित्राला मी हे सगळं टप्प्याटप्प्याने ऐकवलं. शेवटी त्याने सरळ विचारलं, “बरं, तू कोणती रेघ काढशील?” निळी, मी म्हटलं. बाग गेली तर मालकाला मोबदला मागता येतो, भांडता येतं, दुसरीकडे कलमं लावली तर काही वर्षांत फळ धरतं. पाणथळीला यातलं एकही जमत नाही. “बागेत तुझं एकही झाड नाही म्हणून सोपंय,” तो म्हणाला. “सत्तरीच्या माणसाला काही वर्षांत फळ धरेल असं सांगून बघ.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मोबदला वेळेवर आणि पुरता मिळेल याची हमी मी देऊ शकत नाही, तोही देऊ शकत नाही. तरी माझं मत निळ्या रेघेलाच आहे. फक्त तिचे दोन ठिपके पुसून तिथे बागांच्या मालकांची यादी लावा, किती झाडं, किती वर्षांची, कोणाचं पोट त्यावर, आणि लालच्या पुढे पाणथळीची तशीच यादी लावा, तिन्ही ऋतूंत जाऊन केलेली, असं मी त्याला सांगितलं. वेळ लागेल, तो म्हणाला. खर्चाच्या रकान्याला आठ महिने दिलेत, तर याही रकान्याला द्या.